पॉन्टिप्रीदला पाऊस आहे का?

नोव्हाय, मिशिगन
२१ जानेवारी २०२४

चि. ज्ञानदा,

आशीर्वाद. फोन ब्लॉक करता येतो, ईमेल ब्लॉक करता येते, आशीर्वाद ब्लॉक करायची सोय अजून कोणी काढलेली नाही, म्हणून तेच आधी पाठवते. पत्राचं तू फार तर काय करशील, फाडशील. पण तू कागद फाडणारी नाहीस. चॉकलेटच्या चांद्यासुद्धा नखाने सरळ करून पुस्तकात ठेवायचीस.

तुझा पत्ता द्यायला केदारने दोन दिवस लावले, सख्ख्या बहिणीचा पत्ता! तुला विचारूनच दिला असणार. म्हणजे पत्रं यायला तुझी हरकत नाही, असा मी माझ्यापुरता अर्थ काढला आणि त्यावरच खूश आहे. बघ माझी अवस्था.

हल्ली रोज सकाळी टॅबलेटवर तुझ्या वेल्सच्या बातम्या वाचते. नागपूरच्या शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवला. पुस्तकात वेल्सला एकच ओळ होती, ‘दक्षिण भागात कोळसा सापडतो.’ त्या एका ओळीत माझी मुलगी राहायला जाईल हे कुठे ठाऊक होतं! नाहीतर थोडं जास्त शिकवलं असतं.

परवाची बातमी वाईट आहे. पोर्ट टॅलबॉटच्या पोलादाच्या भट्ट्या यंदा बंद करणार, दोन हजार आठशे माणसांचं काम जाणार. मालक कंपनी आपल्याकडची. तुला ट्रेनमध्ये कोणी काही बोललं तर नाही ना? बोललं तर सांग, माझा काय संबंध, मी लॅबमध्ये प्रोटीनच्या घड्या बघते. (कपड्यांच्या घड्या कधी घातल्या नाहीस, पण ते असो.)

बाबांचा विषय मी काढणार नाही. एवढंच म्हणते की त्यांचा कॅन्सर तुझ्यापासून लपवला तो तुझा प्रबंध संपावा म्हणून. तुला त्रास नको म्हणून. परदेशात मूल असलेल्या कुठल्याही घरात जाऊन विचार, सगळे असंच करतात. घरोघरी मातीच्याच चुली. यात मी जगावेगळं काय केलं ते मला अजून समजलेलं नाही.

बर्फ गुडघाभर आहे. तुझ्या पॉन्टिप्रीदला पाऊस असेल. उत्तर दे. एक ओळ पुरे.

आई

१७ मार्च २०२४

चि. ज्ञानदा,

तुमचे रग्बीवाले काल इटलीकडूनही हरले! घरच्या मैदानावर, कार्डिफला. पाचच्या पाच सामने हरले, आणि म्हणे असं हरणाऱ्याला लाकडी चमचा मिळतो. मी केदारला म्हटलं, अरे निदान चमचा तरी मिळतो. तर तो म्हणाला, "आई, तो खरा देत नाहीत, नुसतं म्हणतात." म्हणजे तेही नाही. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मला रग्बीतलं काही कळत नाही. तो लांबट चेंडू घेऊन सगळे एकमेकांच्या अंगावर का पडतात हेही कळत नाही.

शेतकऱ्यांची बातमी मात्र कळली. विधानसभेच्या पायऱ्यांवर त्यांनी साडेपाच हजार गमबूट मांडून ठेवले, रिकामे. नव्या नियमांनी इतकी कामं जातील असं त्यांचं म्हणणं. फोटो मी पटकन पुढे सारला. रिकाम्या चपला मला बघवत नाहीत. बाबांच्या चपला मी नागपूरच्या घरात दाराशीच ठेवून आले आहे, केदारला सांगू नकोस. (कसं सांगशील म्हणा. पण तो तुझ्याशी बोलतो हे मला माहीत आहे. तो फोन घेऊन गॅरेजमध्ये जातो तेव्हा तिकडे दुसरं कोण असणार?)

आणि तुमचे नवे मुख्यमंत्री परवा-तेरवा शपथ घेतील. युरोपात पहिल्यांदा कृष्णवर्णीय माणूस देशाच्या अशा पदावर बसतो आहे असं लिहिलंय. वाचून बरं वाटलं. बाहेरच्या माणसाला तुझा देश आत घेतो म्हणजे तुलाही नीट वागवत असेल.

अक्षर मोठं आलंय ना? पेन नवं आहे, जाड उठतंय. दुसरं काही नाही.

आई

२७ मार्च २०२४

ज्ञानदा,

फुटबॉलही गेला. पोलंडशी शेवटपर्यंत गोल नाही, मग पेनल्टी, आणि तुमच्या माणसाची शेवटची किक गोलकीपरने अडवली. एका महिन्यात दोन-दोनदा! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ज्याची किक अडली त्याची आई कुठे बसली असेल असा विचार रात्रभर करत होते.

तू बघायला गेली होतीस का? स्वेटर घातला होतास का?

आई

१८ जुलै २०२४

चि. ज्ञानदा,

मध्ये जवळजवळ चार महिने गेले. तुला वाटलं असेल, थकली म्हातारी. थकले नव्हते. खरं सांगते. खरं सांगायचं म्हटलं की मला हात जड होतो, पण सांगते.

माझ्या डोळ्यांचं काहीतरी झालंय. पडद्याच्या मधोमध खराबी आहे, वयाने होते तसली. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. ज्या शब्दाकडे बघावं तोच पुसट होतो आणि आजूबाजूचे दिसतात. डॉक्टरने फ्रीजवर लावायला चौकटींचा कागद दिला आहे. रोज त्याच्याकडे एका डोळ्याने बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. मी मुलींना जन्मभर अक्षांश-रेखांश आखायला शिकवले आणि आता माझ्याच रेघा मध्यभागी खचतात. डोळ्यात इंजेक्शनं घेतात. दुखत नाही फारसं. केदार म्हणाला, "ज्ञानदाला कळवू नकोस, ती उगाच टेन्शन घेईल." मी म्हटलं बरं. आणि आता कळवते आहे, म्हणजे माझी किती सुधारणा झाली बघ!

डॉक्टर म्हणाली, वर्षअखेरपर्यंत वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. म्हणून तुझ्याकडे एकच मागणं आहे. तुझं अक्षर मला वाचता येतंय तोवर एक पत्र पाठव. रागाचं पाठव. शिव्या दे. पण तुझ्या हाताने लिहिलेलं, माझ्या डोळ्यांनी वाचेन असं. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं मला नको.

मागच्या आठवड्यात केदार, निधी आणि अनया सिॲटलला फिरून आले. मला विमानाचा त्रास होतो म्हणून शेजारच्या आसावरीकडे ठेवून गेले होते. ती फार करते माझं. येताना चेरी आणल्या, आणि अनया पाचपदरी वेणी घालून आली! बोटं फिरवल्या फिरवल्या ओळखली. अशी वेणी मी तुझी घालायचे गॅदरिंगला. म्हटलं, कोणी घातली गं? तर म्हणाली, "Some aunty, Aaji." निधी म्हणाली, "मीच घातली आई, यूट्यूबवर बघून." निधीला साधी तीन पेडांची जमत नाही. असेल, शिकली असेल.

तुमच्या मुख्यमंत्र्यांनी चार महिन्यांत राजीनामा दिला. पोर्ट टॅलबॉटची एक भट्टीही विझली. यंदा तुमच्याकडे धड काही टिकत नाही.

आई

११ ऑगस्ट २०२४

चि. ज्ञानदा,

आता मला सांग, तुझ्या गावात, तुझ्या घरापासून चालत जाता येईल अशा बागेत आठ दिवस आयस्टेदवॉड, ते वेल्श कवींचं संमेलन, भरलं आणि तू तिथे गेली नसशील असं होईल का? मी तर गेले. आसावरीने तिच्या टीव्हीवर तुकडे लावून दिले आणि मी पडद्याला नाक लावून बसले. कडेकडेचं छान दिसतं मला, म्हणून मी कवीकडे न बघता गर्दीकडेच बघत होते. प्रत्येक काळ्या केसांच्या बाईपाशी थांबत होते. आसावरी म्हणाली, "काकू, इतक्या गर्दीत कशी सापडेल?" म्हटलं, सापडली नाही तर नाही, बघायला काय जातं!

त्यांची रीत फार सुंदर आहे गं. कवी टोपणनावाने कविता पाठवतात, बक्षीस म्हणजे मानाची खुर्ची. जिंकलेलं टोपणनाव स्टेजवरून पुकारतात, कर्णे वाजतात, सगळा मंडप अंधारात. आणि मग त्या अंधारात कुठेतरी एक माणूस उठून उभा राहतो. त्याच्यावर दिवा जातो. तोवर शेजारच्याला पत्ता नसतो की हाच तो. लायक कोणी नसेल तर खुर्ची रिकामी ठेवतात, पण ते क्वचित.

मग त्याला खुर्चीत बसवायच्या आधी एक मोठी तलवार म्यानातून अर्धी ओढतात आणि लोकांना विचारतात, "शांतता आहे का?" सगळे ओरडतात, "शांतता!" असं तीनदा. तीनदा विचारतात आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, मग तलवार आत जाते. मी विचारलं, कोणी ‘नाही’ म्हणालं तर? आसावरी हसली. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या लोकांत एखादा तरी असेल ना, ज्याच्या घरात शांतता नाही?

तू आलीस तेव्हा बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते. भिंतीवर फोटो लागला होता, चंदनाचा हार घातलेला. तू बॅग खाली न ठेवताच विचारलंस, "किती दिवस माहीत होतं?" मी म्हटलं चार महिने. तू परत काही विचारलं नाहीस. तुला वाटत असेल मी ते विसरले. व्हिडिओ कॉलवर सलाइनचा स्टँड दिसू नये म्हणून लॅपटॉपचा कॅमेरा वर करायला बाबाच सांगायचे. "वर कर, वर कर, तिला छत दिसू दे," म्हणायचे. आणि तू तिकडून म्हणायचीस, "बाबा, मला नुसता पंखा दिसतोय." तेव्हा आम्ही दोघं हसायचो.

नवीन मुख्यमंत्री बाई आहेत. पहिल्याच. अभिनंदन.

पत्र आलं नाही अजून.

आई

१ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानदा,

शेवटची भट्टी काल विझली. शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे लोखंड वितळत होतं, आता नाही. बातमी केदारने वाचून दाखवली. तो स्वतः गाड्यांच्या दारांचं डिझाइन करतो, पत्र्याची त्याला माया, तोही हळहळला. एक म्हातारा कामगार म्हणाला होता म्हणे की भट्टी एकदा पूर्ण थंड झाली की पुन्हा पेटवता येत नाही, आतलं सगळं दगड होऊन बसतं. केदार ते वाचून थांबला.

आपल्या दोघींचंही असं होऊन बसलंय, असं माझ्या मनात आलं. तुला नाटकी वाटेल. लिहून टाकलं.

डावा डोळा गेला. उजवा आहे. आता मार्करने लिहिते, एका पानावर आठच ओळी मावतात, म्हणून पाकीट जाड झालंय. केदार म्हणतो, "आई, मी टाइप करून देतो ना." नको. माझ्या आणि तुझ्यामध्ये आणखी कोणी नको.

अनया आता मराठीत फक्त ‘भूक लागली’ म्हणते. तिला अक्षरं शिकवावी म्हटलं तर मलाच दिसत नाहीत. सगळं उशिरा सुचतं.

आई

२५ नोव्हेंबर २०२४

ज्ञानदा,

तू कुठे आहेस? नीट आहेस ना?

काल पॉन्टिप्रीदमध्ये नदी घरांत शिरली. तुझी टॅफ. आयस्टेदवॉड भरलं ती बाग अख्खी पाण्याखाली. तुझी गल्ली नदीकाठची आहे, मी नकाशावर शंभरदा बघितली आहे. डोळे होते तेव्हा तुझ्या दारावर बोट ठेवून बसायचे. लोक म्हणतात इशाराच नीट मिळाला नाही. पहाटे उठले तर पाय पाण्यात.

केदारला म्हटलं फोन कर. तो गॅरेजमध्ये गेला आणि लगेच आला, म्हणाला, "ती बरी आहे आई. सेफ आहे." म्हटलं, पाणी किती आलं? म्हणाला, "नाही आलं तिच्याकडे." म्हटलं, गल्लीत आलं आणि तिच्याकडे कसं नाही? तर म्हणाला, "ती वरच्या मजल्यावर आहे." ज्ञानदा, तुझं घर बुटकं, दोन मजली, खाली स्वयंपाकघर, फ्रीज खाली. तूच बाबांना दाखवलं होतंस कॉलवर. गव्हाचं पीठ कुठे ठेवतेस? गाद्या वर नेल्यास का?

राग बाजूला ठेव आणि एक शब्द कळव. ‘कोरडी’ एवढंच लिहून पाठव.

आई

८ डिसेंबर २०२४

ज्ञानदा,

शुक्रवारी तुमच्याकडे लाल इशारा लागला. वादळ. तीस लाख लोकांच्या फोनवर सायरन वाजला असं आसावरीने वाचून दाखवलं. मागच्या वेळी इशारा मिळाला नाही आणि आता घराघरात सायरन, म्हणजे केवढं मोठं असेल! मी स्वयंपाकघरात जाऊन केदारला म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिथल्या पोलिसांना फोन लाव, तिला घरातून बाहेर काढायला सांग. तो म्हणाला, "आई, रिलॅक्स." मी म्हटलं, तुझी बहीण आहे का कोण आहे ती? मी ओरडले. इतक्या वर्षांत त्याच्यावर अशी ओरडले नव्हते. कोट घातला, उलटा घातला, आणि आसावरीकडे फोन करायला निघाले. बाहेर पायऱ्यांवर बर्फ होता.

अनया शाळेतून आलेलीच होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "Aaji, stop. Dnyanada aatya doesn't even live there anymore. She lives in Bothell. She did my hair."

निधी म्हणाली, "अनया!"

मग केदारने सगळं सांगितलं. फ्रीजचा आवाज येत होता.

तू फेब्रुवारीपासून बॉथेलला आहेस. वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या शेजारी. इथून एका विमानाने जाता येतं. रग्बी हरले तेव्हा तू तिथे नव्हतीस. गमबूट मांडले तेव्हा नव्हतीस. मी आयस्टेदवॉडच्या गर्दीत एकेक काळं डोकं शोधत होते तेव्हा तू माझ्याच देशात, तीन तास मागच्या घड्याळात, कॉफी पीत असशील. पुराच्या रात्री मी देवापाशी बसून होते, आणि त्या घरात कोण भाडेकरू आहे तेही मला माहीत नाही. त्यांचं तरी काय झालं असेल?

केदारला म्हटलं, माझी पत्रं? तो म्हणाला, "तिने फॉरवर्ड करायची सोय केली होती. सगळी पोचली तिला. आई, तिनेच सांगितलं होतं तुला सांगू नकोस म्हणून. आणि तू त्या बातम्यांत इतकी रमली होतीस. तुला उगाच त्रास नको म्हणून..."

तुला त्रास नको म्हणून. शब्द न् शब्द माझा. त्याने माझ्याकडूनच उचललाय, त्याला तरी काय बोलणार? पण काळजात असा काही गेला. हे असं लागतं होय? मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं.

तुझा नवा नंबर त्याने दिला. लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. परत लावला तर लागलाच नाही.

म्हणजे तू सगळी वाचलीस. डोळ्यांचंही वाचलंस. तरी कळवलं नाहीस की मी चुकीच्या आभाळाकडे बघते आहे.

तुझ्याकडे पाऊस आहे का, हे विचारायची सवय झाली आहे. बॉथेलला आहे का?

आई

३० डिसेंबर २०२४

चि. ज्ञानदा,

तुझं पत्र आलं.

निधीने हातात दिलं तेव्हा मला पाकिटाच्या वजनावरून कळलं. चार कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. बोटांनी मोजले. तू पेन दाबून लिहितेस, पहिलीपासून, पाटीवर चरे पडायचे. मागच्या बाजूने हात फिरवला तर सगळीकडे उंचवटे. एकही जागा मोकळी नाही. मी ते पोटाशी धरून बसले. वर्षभर मागितलेलं आलं होतं आणि वर्ष संपायला पाच दिवस होते.

भिंग घेतलं, खिडकीत गेले, उजवा डोळा लावला. जिथे बघावं तिथे राखाडी डाग. मान वाकडी करून कडेने बघितलं तेव्हा दोन शब्द सापडले. एक ‘नाही’. दुसरा ‘कॅमेरा’. मग पाणी यायला लागलं आणि तेही गेले.

दुसऱ्याने वाचलेलं नको म्हणाले होते ना मी? काय करणार. संध्याकाळी केदारला म्हटलं, वाच. पानं उलटल्याचा आवाज आला, एक, मग दुसरं, मग तिसरं. नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्याने वाचलं, "आई, तुझी पत्रं मिळाली. मी बरी आहे. डोळ्यांची काळजी घे." म्हटलं, पुढे? म्हणाला, "एवढंच आहे आई. अक्षर मोठं काढलंय तिने."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर निधीला म्हटलं, वाच गं जरा, केदार भरभर वाचतो. तिने वाचलं, "आई, तुझी पत्रं मिळाली. मी बरी आहे. डोळ्यांची काळजी घे." शब्द इकडचा तिकडे नाही.

मग आसावरीकडे गेले, पत्र ब्लाउजमध्ये ठेवून. तिला म्हटलं, तुला माझी शपथ. ती वाचत राहिली. चहा उतू गेला तरी वाचत राहिली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "काकू, केदारने वाचलं ना, तसंच आहे." ती रडत होती. बरी आहे, काळजी घे, यावर कोणी रडतं का?

तिथे तलवार अर्धी काढून तीनदा विचारतात, आणि तिन्ही वेळा सगळे एका सुरात तेच उत्तर देतात. मी ऑगस्टमध्ये विचारलं होतं, कोणी ‘नाही’ म्हणालं तर काय करतात. तू म्हणालीस. चार कागद भरून म्हणालीस, बाबांच्या त्या छतासकट, त्या पंख्यासकट म्हणालीस, एवढं मला कळलं. तू खरं लिहिलंस. या घरात खरं वाचायची रीत मीच ठेवली नाही.

तुला पुन्हा लिही म्हणणार नाही. लिहिलंस तरी हेच होईल. ‘मी बरी आहे’ होईल.

हे पत्र मार्करने लिहिते आहे, ओळीवर ओळ चढत असेल. अक्षर लावता आलं तर लाव. पाकीट चिकटवलेलं नाही. टपालात टाकायला देणार कोणाला, केदारलाच. आणि तो आधी उघडून बघणार, मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं असतं.

केदार, वाचतोयस ना, बाळा? तुझ्यावर मी रागावलेली नाही. ज्ञानदाचे चार कागद माझ्या उशीखाली आहेत. अनया झोपली की ये, माझ्याजवळ बस, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच. मध्ये थांबू नकोस, गाळू नकोस, आवाज मऊ करू नकोस. मला त्रास होऊ दे.

आई